पहिलं पान कोणतं उघडावं? चार शुभवर्तमानांच्या चार सुरुवाती

नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, पहिल्यांदा हातात घेणारा माणूस सहसा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. पहिलं पान म्हणजे मत्तय, आणि मत्तयची सुरुवात म्हणजे वंशावळ. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला, अशी सतरा वचनं (बायबलमधल्या क्रमांक दिलेल्या ओळी) नावांमागून नावं. मी पहिल्या खेपेला तिथेच अडकले होते. पुस्तक मिटलं ते पुढे बरेच महिने उघडलंच नाही. म्हणून आता कुणी विचारलं की "सुरुवात कुठून करू?", तर मी लगेच एका पुस्तकाचं नाव घेत नाही. आधी विचारते, "तुमच्या मनात सध्या काय चाललंय?" कारण मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूची कहाणी सांगणारी पुस्तकं, एकाच येशूविषयी असली तरी प्रत्येकाचं दार वेगळ्या बाजूला उघडतं.

आधी मोजमाप पाहू. मार्क सगळ्यात लहान, 16 अध्यायांचं. ते एका बैठकीत वाचून होतं. योहान 21 अध्यायांचं, लूक 24 आणि मत्तय 28. पण सुरुवात ठरवताना पुस्तकाच्या लांबीपेक्षा पहिला अध्याय महत्त्वाचा. मत्तयचा पहिला अध्याय 25 वचनांचा, तरी त्याला सगळ्यात जास्त धीर लागतो. लूकचा 80 वचनांचा, तरी तो गोष्टीसारखा वाचून होतो. मार्कच्या पहिल्या अध्यायाच्या 45 वचनांत बाप्तिस्मा (नदीच्या पाण्यातला धार्मिक विधी), अरण्य, कोळ्यांना बोलावणं, सभास्थान, तापाने फणफणलेली एका शिष्याची सासू, दारात लोटलेलं गाव आणि कुष्ठरोगी असं सगळं येऊन जातं. आणि योहान? त्याच्या पहिल्या वचनापाशीच कुणी आठवडाभर बसलं तरी मला नवल वाटणार नाही.

आता एकच प्रसंग चौघांकडे कसा येतो ते शेजारी शेजारी ठेवून बघा. त्यासाठी मी येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग निवडते. निवड करायला याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही.

मार्कमध्ये येशू यार्देन नदीच्या पाण्यातून वर येतो तेव्हा आकाश फाटतं. 'उघडतं' असा सौम्य शब्द मार्क वापरत नाही. मूळ ग्रीकमधलं तेच क्रियापद त्याने शेवटाकडे, मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटतो तिथे पुन्हा वापरलं आहे. मग आकाशातून देवाची वाणी होते: "तू माझा पुत्र, मला परमप्रिय आहेस." सरळ 'तू'. मत्तयमध्ये हीच वाणी "हा माझा पुत्र" अशी येते, म्हणजे जमलेल्यांना ओळख करून दिल्यासारखी. लूकमध्ये पुन्हा 'तू', पण तिथे एक बारीक गोष्ट जास्त आहे: येशू प्रार्थना करत असताना आकाश उघडतं. आणि योहानात नदीकाठची ती वाणी थेट ऐकूच येत नाही. बाप्तिस्मा करणारा योहान (पुस्तक ज्याच्या नावाचं आहे तो नव्हे) साक्ष देतो, की मी देवाचा आत्मा कबुतरासारखा उतरताना पाहिला.

म्हणजे मत्तय ओळख करून देतो, लूक प्रार्थनेत नेतो, योहान साक्षीदार उभा करतो आणि मार्क आपल्याला त्या वाणीच्या अगदी जवळ आणून सोडतो. मार्कच्या या जागी माझा विश्वास पहिल्यांदा हलला आणि पुढे तिथेच तो रुजलाही. कारण बघा, येशूने अजून काहीच केलेलं नाही. एकही रोगी बरा केलेला नाही, एकही दाखला सांगितलेला नाही, एकही शिष्य जोडलेला नाही. तरी 'परमप्रिय' आधी, आणि काम नंतर. लगोलग आत्मा त्याला अरण्यात घालवतो, चाळीस दिवस, सैतानाची परीक्षा, भोवती रानटी जनावरं. प्रेम आहे याचा अर्थ वाट सोपी असा नाही, हेही मार्क तिथल्या तिथे सांगून टाकतो. आपण देवाला आवडावं म्हणून राबणाऱ्या माणसाला ही दोन वचनं लागोपाठ वाचायला मिळणं फार मोलाचं आहे. मी स्वतः अशीच राबणारी होते.

मत्तयकडे मात्र मी नंतर परत गेले, आणि जी वंशावळ मला कंटाळवाणी वाटली होती तिच्यापाशीच जास्त थांबले. तिचे चौदा-चौदा पिढ्यांचे तीन भाग आहेत. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्य असतं आणि दावीद राजाच्या नावाची बेरीज चौदा होते, म्हणून ही मांडणी दाविदाकडे बोट दाखवते असं अनेक अभ्यासक मानतात. चौदा जुळवण्यासाठी मत्तयने योरामानंतरचे काही राजे गाळलेही आहेत. पण विश्वासाचा खरा धडा आहे त्यातल्या स्त्रियांत. तामार, राहाब, रूथ आणि नाव न घेता 'उरीयाची बायको'. सासऱ्याने न्याय नाकारलेली, परक्या नगरातली वेश्या, मवाबी विधवा, आणि जिच्या नवऱ्याला राजाने मारवलं ती. ज्यांची नावं घराण्याने झाकली असती, ती मत्तयने पहिल्याच पानावर लिहून ठेवली. त्यांच्या रांगेत मग येशूची आई मरीया येते, लग्नाआधीच गरोदर असलेली, आणि तिच्याविषयी लोक काय बोलतील हे तिच्याशी लग्न ठरलेल्या योसेफाला पक्कं ठाऊक असतं.

योसेफ मला मत्तयच्या सुरुवातीतला सगळ्यात जवळचा माणूस वाटतो. तो नीतिमान होता असं मत्तय म्हणतो, आणि नीतिमान असल्यामुळेच तिची बेअब्रू न करता तिला गुपचूप सोडावं असं त्याने ठरवलं. नियमाला धरून राहणं म्हणजे कठोर होणं नव्हे, हे त्याला देवदूत स्वप्नात येऊन तिला स्वीकारायला सांगण्याआधीच कळलं होतं. अख्ख्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. उठला आणि सांगितलं तसं केलं, एवढंच. ज्याच्या घरात विश्वासाचा, शास्त्राचा, वाडवडिलांच्या वचनांचा वारसा आहे, किंवा ज्याच्या घराण्यात काही झाकून ठेवलेलं आहे, त्याने खुशाल मत्तयपासून सुरुवात करावी. एकच अट: जुन्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागाची, थोडी तरी ओळख हवी. नसेल तर पहिली सतरा वचनं सोडून योसेफापासून वाचा आणि पुढे कधीतरी मागे वळा.

लूक कुणासाठी? ज्याला विश्वास ठेवायचा आहे पण आंधळेपणाने नाही, त्याच्यासाठी. त्याची पहिली चार वचनं ग्रीकमध्ये एकच लांब, घोटीव वाक्य आहेत. थियफिल नावाच्या माणसाला उद्देशून तो लिहितो की पुष्कळांनी आधी लिहिलं आहे, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी आमच्यापर्यंत पोचवलं आहे, मीही मुळापासून बारकाईने शोध केला आहे, तो कशासाठी, तर तुला शिकवलं गेलं त्याची खात्री पटावी म्हणून. चौघांपैकी फक्त लूक आपली कामाची पद्धत आधी सांगतो. शंका घेणं म्हणजे पाप, असं ज्याच्या मनावर ठसवलं गेलं असेल त्याने हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचावं.

शंकेचा विषय पुढेही सुटत नाही. गब्रीएल देवदूत मूल होणार ही बातमी घेऊन आधी म्हाताऱ्या जखऱ्या याजकाकडे येतो, मग मरीयेकडे. दोघंही प्रश्न विचारतात. जखऱ्या विचारतो, हे मला कशावरून कळावं? मरीया विचारते, हे कसं होईल? त्याची वाचा जाते, तिला उत्तर मिळतं. मला हे बरीच वर्षं अन्यायाचं वाटायचं. आता वाटतं की जखऱ्या पुरावा मागत होता आणि मरीया वाट विचारत होती. पण तरी जखऱ्याला टाकून दिलेलं नाही, हे विसरू नका. मूल होतं (पुढे बाप्तिस्मा करणारा योहान तो हाच), पाटीवर तो 'ह्याचं नाव योहान आहे' असं लिहितो आणि त्याची जीभ मोकळी होते. नऊ-दहा महिन्यांचं ते मौन म्हणजे शिक्षाच होती की विश्रांतीही होती, यावर आमच्या अभ्यासगटात दोन तट आहेत. मी विश्रांतीच्या बाजूची.

लूकची आणखी एक ओळ नजरेतून सुटते. बाळ येशूला यरुशलेमच्या मंदिरात आणतात तेव्हा 'होल्यांचा जोडा किंवा पारव्यांची दोन पिले' अर्पण करायचं असतं. लेवीय या जुन्या करारातल्या पुस्तकाच्या नियमात खरं अर्पण कोकराचं आहे. पक्ष्यांची सोय आहे ती ज्याला कोकरू परवडत नाही त्याच्यासाठी. लूक 'ते गरीब होते' असं कुठेच म्हणत नाही, फक्त पक्षी दाखवतो. आणि त्याच मंदिरात आयुष्यभर वाट पाहिलेली दोन म्हातारी माणसं, शिमोन आणि हन्ना, त्या बाळाला ओळखतात. आजारी किंवा वयस्क माणसाबरोबर वाचायचं असेल तर माझी निवड लूकचे पहिले दोन अध्याय. तिथे वाट पाहणाऱ्यांना किंमत आहे.

योहानाविषयी थोडक्यात लिहिते. त्याची पहिली अठरा वचनं समजावून सांगण्यापेक्षा मोठ्याने वाचलेली बरी. "प्रारंभी शब्द होता." इथे 'शब्द' म्हणजे येशूच. बायबलचं अगदी पहिलं वाक्यही 'प्रारंभी'नेच सुरू होतं आणि योहानाला ते आठवावं असंच वाटतं. बाकीचे बेथलेहेमपासून किंवा यार्देनपासून निघतात, हा सृष्टीच्याही आधीपासून निघतो. आणि इतक्या उंचावरून एकदम खाली येतो: "शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली." वस्ती करण्याचा मूळ शब्द तंबू ठोकण्याचा आहे, अरण्यातल्या निवासमंडपाची, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूची, आठवण करून देणारा. जो मननाकडे, शांत बसण्याकडे ओढला जातो त्याला योहानच जवळचा वाटेल. ज्याला 'पण झालं काय?' हे आधी हवं असतं तो पाचव्या वचनापर्यंत दमतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

निवड करणाऱ्याने मात्र योहान 1 चा दुसरा भाग मार्क 1 शेजारी ठेवलाच पाहिजे. दोन्हीकडे शिमोन पेत्राला (मंदिरातला शिमोन वेगळा) शिष्य होण्याचं बोलावणं आहे. मार्कमध्ये येशू गालील समुद्राच्या काठाने चालला आहे, शिमोन आणि त्याचा भाऊ अंद्रिया जाळं टाकताहेत. 'माझ्यामागे या,' एवढंच. ते लागलेच जाळी सोडून निघतात. हा 'लागलेच' शब्द मार्कला फार प्रिय. त्याचं सगळं पुस्तकच लगबगीत आहे. थोडं पुढे याकोब आणि योहान जाळी नीट करत असतात, तेही बाप जब्दीला मोलकऱ्यांबरोबर तारवात ठेवून जातात. योहानात मात्र हे दोघे भाऊ असे उठून जात नाहीत. अंद्रिया दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकून येशूच्या मागे लागतो, तो कुठे राहतो ते जाऊन बघतो, त्याच्याकडे दिवस काढतो आणि मग भावाला घेऊन येतो. फिलिप्प नथनेलाला सांगतो तेव्हा नथनेल म्हणतो, नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का? फिलिप्प वाद घालत नाही. "येऊन पाहा," म्हणतो.

विश्वास एका क्षणात येतो की हळूहळू, हा प्रश्न मला खूपदा विचारला जातो. दोन्ही सुरुवाती नव्या करारात आहेत आणि एकीने दुसरीला खोडलेलं नाही. ज्याच्यावर एका रात्रीत बदलण्याचा दबाव आणला जातोय त्याच्या हाती मी योहान देईन. जो वर्षानुवर्षं काठावर उभा राहून नुसता विचार करतोय त्याच्या हाती मार्क.

तुमचा असा कोणताच खास प्रश्न नसेल तर माझं मत सरळ आहे: मार्क घ्या. त्यात काय नाही हेही सांगते. जन्माची गोष्ट नाही, मागी (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) नाहीत, मेंढपाळ नाहीत, डोंगरावरचं लांब प्रवचन नाही. जे घडतं त्याचा अर्थ मार्क फारसा उलगडून सांगत नाही, आणि काहींना ते कोरडं वाटतं. पण पहिल्या अध्यायाच्या शेवटचा कुष्ठरोगी बघा. लेवीयच्या नियमाने त्याने वस्तीबाहेर राहायचं, कुणी त्याला शिवायचं नाही. तो गुडघे टेकून म्हणतो, आपली इच्छा असेल तर मला शुद्ध करू शकाल. येशू आधी हात पुढे करून त्याला शिवतो, मग बोलतो, आणि मग कुष्ठ जातं. हा क्रम मार्कने जपला आहे. माणूस बरा होतो, कुणाला सांगू नको म्हटलं तरी गावभर सांगत सुटतो, आणि त्यामुळे येशूलाच उघडपणे गावात जाता येईनासं होतं. तो बाहेर ओसाड जागी राहतो. बाहेरचा आत आला आणि आतला बाहेर गेला. क्रूसाविषयी अजून एक शब्दही आलेला नाही, पण पुढे काय घडणार ते इथे दिसायला लागतं.

वाचताना एवढंच करा: पहिला अध्याय सलग वाचा, मध्ये टिपा बघू नका. दुसऱ्या दिवशी तोच अध्याय पुन्हा, या वेळी फक्त पस्तिसाव्या वचनाशी थांबून. अख्खं गाव दारात लोटल्याच्या दुसऱ्या दिवशी, पुष्कळ अंधार असताना येशू उठतो आणि एकटाच प्रार्थनेला जातो. शिमोन त्याला शोधत येतो: सगळे आपल्याला शोधताहेत. आणि येशू म्हणतो, चला, जवळपासच्या दुसऱ्या गावांत जाऊ.