बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो (८० ओहम): बेस, चष्मा आणि ठाण्याची दमट हवा

आधीच सांगून टाकतो. घरी बसून भरगच्च बेस ऐकायचा असेल तर हा हेडफोन घ्या. लोकलमध्ये किंवा ऑफिसच्या बसमध्ये घालायचा असेल तर दुसरं काहीतरी बघा.

मी उन्हाळ्यात घेतला. त्यानंतर पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं यावरच झालं. रोज रात्री जेवणं आटोपली की तासदीड तास डोक्यावर असतो. आमच्या घरात त्या वेळी एका खोलीत टीव्ही चालू असतो, दुसऱ्या खोलीत कोणीतरी झोपलेलं असतं आणि खिडकीखाली रस्ता आहे. म्हणजे ओपन-बॅक हेडफोन पहिल्याच फेरीत बाद: त्यातून आवाज बाहेर सांडतो आणि बाहेरचा आत येतो.

क्लोज्ड-बॅकमध्ये, म्हणजे मागून बंद कपांच्या हेडफोनमध्ये, माझ्या यादीत ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स होता, सोनीचा जुना एमडीआर-७५०६ होता आणि हा. एम५०एक्स घडी होतो, केबल निघते, ३८ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) असल्यामुळे कुठल्याही मोबाइलवर वाजतो. प्रवासासाठी मी आजही तोच सुचवेन. ७५०६ आवाज स्वच्छ दाखवतो, पण त्याचा बेस मोजूनमापून वाढलेला. मला पंगत हवी होती. डीटी ७७० त्या बाबतीत हात आखडता घेत नाही.

पण बेस म्हणजे नक्की काय, ते आधी पाहू. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० कंपनांच्या) खाली सब-बेस, त्याच्या वर साधारण २५० पर्यंत मिड-बेस. स्वस्त ‘बेस’ हेडफोनमध्ये बहुतेक वेळा शंभर-दीडशेच्या आसपासचा भाग फुगवलेला असतो. दुकानात दोन मिनिटं ऐकलं की माणूस खूश होतो. घरी तासभर ऐकलं की गायकाचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटायला लागतो. माझी परीक्षा डग्ग्यावर असते. तबलजी मनगट दाबून मींड काढतो तेव्हा तो सूर वर सरकताना ऐकू आला पाहिजे. नुसतं ‘धुम्’ ऐकू येत असेल तर बेस भरपूर आहे, पण घुमारा नाही. डीटी ७७० मध्ये घुमारा आहे. ढोलकीच्या धुमेकडे थाप पडली की ती किती वेळ रेंगाळते आणि हात ठेवून कुठे दाबली जाते, हे दोन्ही कळतं. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाइलच्या स्पीकरवर त्याची मूळ कंपनं जवळजवळ नसतातच, आपण वरच्या स्वरांवरून अंदाज बांधत असतो. इथे तो खरोखर खाली बसलेला ऐकू येतो. इलेक्ट्रॉनिक संगीतातला ३५-४० हर्ट्झचा भागही येतो आणि वरचं काही झाकत नाही.

विसर्जनाच्या डीजेसारखा छातीवर बसणारा बेस मात्र कुठल्याच साध्या हेडफोनकडून मागू नका. तो अर्धा अंगाला जाणवतो, आणि हेडफोन वाजतो फक्त कानापाशी. स्कलकँडीच्या क्रशर मालिकेत त्यासाठी वेगळी थरथरणारी यंत्रणा असते. पाच मिनिटं मजा वाटते. मला तो प्रकार नको होता.

आता खरा मुद्दा. भाचा आला होता, त्याला ऐकायला दिला. अर्धं गाणं झाल्यावर म्हणाला, “मामा, बेस कुठाय यात? माझा दोन हजारवाला जास्त वाजतो.” त्याच्या डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा होता. म्हटलं, चष्मा काढ आणि तेच गाणं परत लाव. त्याने काढला, कप कानामागे नीट बसवले, आणि मान आपोआप हलायला लागली. “आत्ता आला!” मग मी त्याला डाव्या कपाच्या मागे, काडीच्या जागी, बोट सरकवायला सांगितलं. बोट आत गेलं की त्या बाजूचा बेस गायब, काढलं की परत हजर. हे त्याने चार-पाच वेळा करून बघितलं.

कारण सरळ आहे. खालच्या सुरांसाठी कप आणि कान यांच्यामधली जागा हवाबंद लागते. फट पडली की दाब तिथून निघून जातो. वरचे सूर तसेच राहतात आणि आवाज पातळ, किरकिरा वाटतो. क्लोज्ड-बॅक घेताना ड्रायव्हर (कपातला छोटा स्पीकर) ४० मिलिमीटरचा की ४५चा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. त्यापेक्षा आपला चष्मा, आपले केस, आपला जबडा आणि ते पॅड यांचं जमतंय का हे बघा. दुकानात बेसचं गाणं लावून तोंड उघडा, मिटा, मान खाली घाला. बेस कमी-जास्त होत असेल तर तुमच्या डोक्याला तो हेडफोन नीट बसत नाही. पातळ धातूच्या काडीचा चष्मा असेल तर डीटी ७७० चे मखमली पॅड काडीभोवती बऱ्यापैकी मिटतात. जाड काडी असेल तर खात्री देता येणार नाही.

ओहमबद्दल थोडं. हा ३२, ८० आणि २५० ओहममध्ये मिळतो. ८० साठी अँप (आवाज वाढवणारा वेगळा अँप्लिफायर) लागतोच असं ऐकून मी घाबरलो होतो. हिशेब करून बघितला: कंपनीच्या आकड्याप्रमाणे एका मिलिवॉटला ९६ डेसिबल, म्हणजे ८० ओहमवर सुमारे ०.२८ व्होल्ट. एक व्होल्ट देणारा साधा यूएसबी-सी डोंगल (मोबाइलला हेडफोन जोडायचा छोटा जोड) असेल तर १०७ डेसिबलपर्यंत जागा आहे. त्याच्यापेक्षा मोठं ऐकायचं असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्या. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे, आणि आवाज जितका वाढेल तितकी ही मुदत भराभर कमी होते. बेसवाल्यांनी हे जरा जास्त लक्षात ठेवावं, कारण खालचा आवाज कानाला टोचत नाही आणि हात सतत व्हॉल्यूमवर जातो. उलट फार हळू ऐकलं की कानाला बेस कमी जाणवतो. रात्री हळू ऐकताना मी इक्वलायझरवर ८० हर्ट्झच्या खाली तीनेक डेसिबल वाढवतो आणि प्रीअँप (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली आणतो, नाहीतर मोठ्या ठोक्यावर आवाज फाटतो.

वरच्या बाजूला हा हेडफोन धारदार आहे. आठ-नऊ किलोहर्ट्झच्या आसपास त्याचा आलेख उंच जातो हे कुठल्याही मोजमापात दिसेल. झांजा, टाळ, ‘स’चे उच्चार चमकतात. ताशाचं रेकॉर्डिंग तर सुईसारखं लागतं. तिथेही तीन-चार डेसिबल कमी केले की बरं वाटतं. ज्यांना इक्वलायझरला हात लावायचाच नाही, त्यांनी विकत घ्यायच्या आधी टाळांचा गजर असलेला एखादा अभंग यावर ऐकावा.

बाहेरचा आवाज १८ डेसिबलने कमी होतो असं कंपनी सांगते. हॉर्न आणि टीव्हीतले संवाद मवाळ होतात, पण बसच्या इंजिनाची घुरघुर आत येतेच. खालचे आवाज नुसत्या पॅडने अडत नाहीत. म्हणूनच प्रवासात बेस हरवल्यासारखा वाटतो आणि लोक तो वाढवत बसतात. तिथे नॉइज कॅन्सलिंगवाला हेडफोन बरा. शिवाय याची केबल तीन मीटर, ती निघत नाही आणि घडी घालायची सोय नाही. ३२ ओहमवाल्याची १.६ मीटर आहे. निघणारी केबल हवी असेल तर २०२४ सालचा ४८ ओहमचा डीटी ७७० प्रो एक्स बघावा.

पॅड हा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा. आधीच्या हेडफोनचं (नाव नको) रेक्झिन दुसऱ्या पावसाळ्यात सुटलं. गालावर, उशीवर, चहाच्या कपात काळे कपटे. मखमल सुटत नाही, पण घाम पिते. मी महिन्या-दोन महिन्यांनी पॅड काढतो, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून हाताने दाबतो, पिळत नाही, आणि सावलीत पंख्याखाली ठेवतो. जुलैमध्ये दोन दिवस लागतात. परत बसवताना चिडचिड होते: पॅडची कड एका बाजूने खाचेत अडकवायची आणि अंगठ्याने सगळीकडून फिरवत आत सरकवायची, शेवटचा इंचभर नेहमी निसटतो. आतला पातळ स्पंज मात्र धुताना जागेवरच राहू द्या, तो काढला तर आवाज बदलतो.

पॅड चेपून पातळ झाले की कान ड्रायव्हरच्या जवळ येतो, कड डोक्याला नीट टेकत नाही आणि बेस हळूहळू उतरतो. म्हणून कुठलाही हेडफोन घ्या, पण पैसे भरायच्या आधी त्याचे जादा पॅड भारतात सुटे मिळतात का, ते विचारा. याचे मिळतात. माझा नवा जोड आणून कपाटात ठेवलाय, एप्रिलमध्ये चढवीन.