दोरीचा चॉपर : गाजराला पास, काकडीला नापास

दोरी ओढली की पाती गरगर फिरतात, त्यामुळे सहा-सात वर्षांची मुलं या चॉपरवर तुटून पडतात. दोन-तीनशे रुपयांचं हे भांडं मुलांबरोबर कोशिंबीर करायला घ्यावं का? कोशिंबीर कशाची, त्यावर आहे.

गाजराला उत्तम. पाव किलो गाजरं सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. हे काम मोठ्यांचं, कारण कच्चं गाजर सुरीखाली सटकतं. भांडं निम्म्याच्या वर भरू नका. ठासून भरलं की पहिल्याच ओढीला पातं अडकतं, मूल वाकडातिकडा हिसका देतं आणि दोरी झाकणाच्या भोकाला घासते. या चॉपरचा जीव दोरीत असतो. पाती बोथट व्हायच्या आधी तीच तुटते. एकाने झाकण दाबून धरायचं, दुसऱ्याने दोरी आडवी, सरळ, झटक्यात ओढायची. ओढ हळू असली तर पाती तुकड्यांवर नुसती टेकून राहतात. भांडण नको असेल तर दर पाच ओढींनी पाळी बदला.

दहा-बारा ओढींत गाजर तांदळाच्या दाण्याएवढं होतं. त्यात तीन मोठे चमचे दाण्याचं कूट, अर्ध्या लिंबाचा रस, एक लहान चमचा साखर, कोथिंबीर. कालवायचं काम मुलांचं. मीठ अर्धा लहान चमचा, तेही पानं घेताना. फोडणी मोठ्यांनी द्यावी : दोन लहान चमचे तेल, मोहरी, हिंग आणि मिरचीचे मोठे तुकडे, म्हणजे मुलांना वेचून बाजूला काढता येतात. मिरची चॉपरमध्ये घालूच नका. तिखट भांड्याला राहतं, तिथून बोटांना आणि बोटांवरून डोळ्यांत.

काकडीला मात्र नापास. काकडीत 95 टक्के पाणी. पाती तिला कापण्याऐवजी झोडपतात. चौथ्या ओढीला तळाशी लगदा आणि वर अख्ख्या फोडी. त्यावर मीठ पडलं की ताटात ओघळ वरणाकडे निघालाच. खमंग काकडीला कोचवलेलीच काकडी हवी. मुलांच्या हाती द्यायची तर काकडी उभी चिरा, सपाट बाजू पाटावर ठेवा म्हणजे घरंगळणार नाही, आणि दातेरी प्लॅस्टिकची सुरी द्या. फोडी लहानमोठ्या होतील, होऊ देत. त्याआधी प्रत्येक काकडीची चकती चाखायची. एक कडू निघाली तर सगळी कोशिंबीर गेली. टोमॅटोचंही चॉपरमध्ये सारच होतं. कांद्याला चार-पाच ओढी पुरे, आणि झाकण बंद असल्याने डोळ्यांत पाणी जरा कमी येतं, निदान उघडेपर्यंत.

घ्यायचाच तर तीन पात्यांचा, बुडाला रबर असलेला, सहाशे मिलिलिटरच्या वरचा घ्या. लहान भांड्यात एकाच गाजराची सोय होते.

खरा दोष पात्याचा आहे. ते दांडीवर नुसतं बसवलेलं असतं. भांडं उपडं केलं की कोशिंबिरीत पडतं, आणि मूल ते उचलायला हात घालतं. म्हणून झाकण उघडताच पातं आधी मोठ्यांनी काढून घ्यायचं, धुवायचंही त्यांनीच. झाकण पाण्यात बुडवायचं नाही : आतली स्प्रिंग गंजते आणि ओल्या दोरीला वास मारतो. ओल्या फडक्याने पुसून, दोरी थोडी बाहेर ओढून वाळू द्या.