जुन्या धाटणीची डिझेल की स्क्रीनवाली पेट्रोल?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात २६ वर्षं स्टेअरिंगवर गेली. आधी काळी-पिवळी, मग स्वतःची डिझेल जीप, आणि तीन वर्षांपासून मुलाने घेतलेली मोठ्या स्क्रीनची पेट्रोल गाडी. जीप अजून दारात उभी आहे, म्हणून "काका, कोणती घेऊ?" विचारायला लोक येतात. मी उलट विचारतो, गाडी रोज जाणार कुठं?

पांदणीत जाणार असेल तर जीपला तोड नाही. पावसाळ्यात काळी माती मडगार्ड भरून टाकते. तिथं उंची आणि मागच्या चाकांचा जोरच लागतो. वेचणीच्या दिवसांत एकदा ॲक्सिलरेटरची केबल तुटली. इंजिनातल्या डिझेल पंपाला सुतळी बांधली, ती खिडकीतून आत घेतली, पोरगं ओढत होतं आणि मी गिअर टाकत होतो. तसंच गाव गाठलं.

नव्या गाडीत हे चालत नाही. मागच्या उन्हाळ्यात चेक इंजिनचा दिवा लागला आणि गाडीचा दमच गेला. गावच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं. बिघाड वाचणारा स्कॅनर यवतमाळला. उंदराने सेन्सरची वायर कुरतडली होती. वायर दीडशेची, टोचन अडीच हजारांचं!

एवढं ऐकून लगेच जीपकडे वळू नका. माझ्या जीपला ना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, ना एअरबॅग. रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि जीप तिरपी होऊन नालीत. नव्या गाडीसमोर तसाच रोही आला तेव्हा पायाखाली पेडल धडधडलं, पण स्टेअरिंग वळलं. रोही गेला, आम्ही वाचलो. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. जुनी गाडी घेताना हे आधी बघा, रंग नंतर.

स्क्रीनचं माझं काही जमलं नाही. एसी कमी करायला बोट न्यावं, तेवढ्यात खड्डा, आणि बोट रेडिओवर. मे महिन्यात ४५ अंशांत हे कोण करत बसणार? एसी आणि आवाजाला हाताने फिरवायची बटणं असलेलीच गाडी घ्या. मागचा कॅमेरा मात्र कामाचा. चिखल बसला की रुमालाने पुसायचा, बस. बिनचावीच्या गाडीच्या रिमोटचा सेल संपला तरी घाबरू नका, त्यातच लोखंडी चावी असते. दार उघडायचं, आणि बहुतेक गाड्यांत रिमोट स्टार्टच्या बटणाला टेकवला की गाडी सुरू होते.

आणि शोरूममधली नवी डिझेल म्हणजे माझी जीप नव्हे. एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचा कडक नियम, आला. त्या डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी, डीपीएफ, असते. घर ते शेत चार किलोमीटर एवढंच फिरलात तर ती भरते आणि दिवा लागतो. मग तुळजापूर हायवेला लावून वीसेक मिनिटं एका वेगात पळवावी लागते, म्हणजे काजळी जळते.

पुतण्या रोज यवतमाळला जातो, त्याला पेट्रोल घ्यायला लावली. साळ्याला तुरीची पोती शेतातून काढायची असतात, रस्ता नावालाच. त्याला चांगल्या अवस्थेतली जुनी जीप बघ म्हटलं, पण एबीएसवाली. आणि उंदीर शिरू नयेत म्हणून दोघांनाही बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायला सांगितली आहेत.