सॅमसंग क्यू१ : मोडी कागदांशेजारी ठेवलेला संगणक

मोडी दप्तरांच्या कामासाठी हाती धरता येईल असा, पेनाने लिहिता येईल असा आणि तरीही पूर्ण विंडोज चालवणारा एखादा संगणक मिळावा, ही माझी गरज टॅब्लेट हा शब्द घरोघरी पोचण्याच्या आधीची आहे. जुन्या वाड्यातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बाहेर नेऊ दिले जात नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे वाचन, टिपण आणि छायाचित्रण हे सारे तिथेच, बहुधा सतरंजीवर मांडी घालून, अपुऱ्या उजेडात करावे लागते. अशा कामात सॅमसंगचे क्यू१ हे यंत्र आणि त्याचे जोडसामान मी बराच काळ वापरले. आज जुन्या बाजारात ते पुन्हा दिसते आणि संग्राहक व काही अभ्यासक त्याबद्दल विचारतात, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

मार्च २००६ मध्ये जर्मनीतील हॅनोवर येथे भरलेल्या सेबिट या संगणक प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टने 'ओरिगामी' या सांकेतिक नावाने गाजत असलेली कल्पना उघड केली. सात इंचांच्या आसपासचा स्पर्शपडदा, किलोभराच्या आतले वजन आणि विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती अशी तिची चौकट होती आणि या वर्गाला 'अल्ट्रा-मोबाइल पीसी' असे नाव दिले गेले. क्यू१ हे त्यातले सर्वांत आधी बाजारात आलेल्या यंत्रांपैकी एक होते. ९०० मेगाहर्ट्झचा इंटेल सेलेरॉन एम प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट मेमरी, ४० गिगाबाइटची १.८ इंची हार्ड डिस्क, ८०० बाय ४८० बिंदूंचा सात इंची पडदा आणि पाऊण किलोपेक्षा थोडे अधिक वजन, हा त्याचा ऐवज होता. अमेरिकेत त्याची किंमत १०९९ डॉलर होती. मूळ कल्पना पाचशे डॉलरांच्या आसपासच्या यंत्राची होती, हे लक्षात घेतले तर सामान्य ग्राहक त्याच्याकडे का वळला नाही, याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.

या यंत्राचे मर्म त्याच्या पडद्यात आहे, आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. आजच्या फोनचा पडदा बोटातील विद्युतधारणेमुळे स्पर्श ओळखतो. क्यू१चा पडदा रेझिस्टिव्ह म्हणजे दाबावर चालणारा आहे. त्यात दोन पारदर्शक वाहक थर एकमेकांपासून किंचित अंतरावर असतात, आणि वरचा थर जिथे दाबला जाऊन खालच्याला टेकतो तो बिंदू यंत्र नोंदवते. याचा लाभ असा, की नख, पेनाचे टोपण, हातमोजा घातलेले बोट, काहीही चालते. धुळीने माखलेले रुमाल उलगडताना मी सुती हातमोजे वापरतो, आणि ते न काढता पान पुढे सरकवता येणे ही माझ्या दृष्टीने लहान सोय नव्हे. तोटा असा, की पडद्याला एका वेळी एकच स्पर्श कळतो, आणि तो पेनाचा आहे की तळहाताचा हे त्याला ओळखता येत नाही. त्याच काळातल्या महागड्या टॅब्लेट पीसींमध्ये वॅकॉम या कंपनीच्या पद्धतीचे विद्युतचुंबकीय पेन असे. त्या पडद्यांवर हात खुशाल टेकवून लिहिता येई, पेन पडद्याच्या जवळ आले तरी ओळखले जाई आणि जोर कमीजास्त केला की रेघ जाड-बारीक होई. क्यू१मध्ये यातले काहीच नाही.

मोडी लिहिणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. बोरू शक्य तितका न उचलता, एका अक्षरातून दुसऱ्यात वळत जाणे हा या लिपीचा स्वभावच आहे. अशी लांब रेघ ओढताना करंगळीची कड पडद्याला लागली, की रेघ पेनापासून थेट हाताकडे झेप घेते आणि ओळ बिघडते. मी यावर दोन उपाय केले. पडद्याभोवतीची चौकट बऱ्यापैकी रुंद असल्यामुळे मनगट तिथे टेकवून लिहिण्याची सवय लावून घेतली, आणि पडद्याच्या वरच्या भागात लिहायचे असेल तेव्हा खालच्या चौकटीवरून वरच्या चौकटीपर्यंत जाणारी एक कडक पट्टी, पडद्याला न टेकता, धरू लागलो. जुन्या काळी चित्रकार कुंचला धरलेला हात काठीवर टेकवत, त्यातलाच हा प्रकार. आठवडाभरात हात बसतो, पण तो बसवावा लागतो, हे विकत घेणाऱ्याने आधीच जाणून घ्यावे.

एवढे करूनही हे यंत्र मला मोलाचे का वाटले, याचे कारण विंडोज जर्नल. टॅब्लेट आवृत्तीसोबत येणाऱ्या या प्रोग्रामात लिहिलेले हस्ताक्षर हस्ताक्षर म्हणूनच साठते. हस्ताक्षर ओळखून त्याची छापील अक्षरे करण्याची सोय इंग्रजी आणि इतर काही भाषांना होती; मराठीला नव्हती. सुरुवातीला ही उणीव वाटते, पण मोडीच्या कामात तिने काही बिघडत नाही. २००६ साली मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण यादीत, जागाच नव्हती. ती २०१४ च्या सातव्या आवृत्तीत मिळाली. म्हणजे टंकलेखनाचा मार्ग त्या वेळी बंदच होता, आणि संगणकात मोडी अक्षर उतरवण्याचा सरळ उपाय हाताने लिहिणे हाच होता. अर्धवट पुसलेले, वाळवीने खाल्लेले एखादे अक्षर जसे दिसते तसे उतरवून, त्याच्या बाजूला 'हे द असावे की व?' अशी शंका देवनागरीत नोंदवायची, ही गोष्ट कोणत्याही कीबोर्डने साधत नाही. छायाचित्र जर्नलच्या पानात घालून त्याच्याच वर वेगळ्या रंगात वाचन लिहिण्याची सोय तर माझ्यासाठी सर्वांत उपयोगी ठरली.

छायाचित्रावरून जोडसामानाकडे वळतो, कारण या वर्गातल्या यंत्रांचे यशापयश मुख्यतः तिथेच ठरले. क्यू१मध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डाची खाच आहे. त्या काळातल्या चांगल्या कॅमेऱ्यांत हेच कार्ड वापरले जाई, त्यामुळे कॅमेऱ्यातून कार्ड काढले आणि थेट यंत्रात सरकवले की पाचव्या मिनिटाला पत्राचे छायाचित्र मोठे करून पाहता येई. कागद पुन्हा रुमालात बांधण्याआधी छायाचित्र नीट आले आहे की नाही हे कळणे, याची किंमत दूरच्या गावी एकदाच जाण्याची मुभा असलेल्या माणसाला विचारावी. आता ज्यांच्याकडे एसडी कार्डाचा कॅमेरा आहे त्यांना या खाचेत बसणारे अ‍ॅडॅप्टर लागेल. मात्र विंडोज एक्सपी आणि जुनी अ‍ॅडॅप्टरे मोठ्या क्षमतेची नवी कार्डे नेहमीच वाचतात असे नाही, म्हणून दोन गिगाबाइटचे साधे एसडी कार्ड शोधून ठेवावे.

कीबोर्ड हे दुसरे जोडसामान. क्यू१ला स्वतःचा कीबोर्ड नाही. पडद्यावर खालच्या दोन कोपऱ्यांत पाव वर्तुळासारखी अक्षरे उमटवणारी 'डायलकीज' नावाची सोय होती. दोन्ही हातांनी यंत्र धरून अंगठ्यांनी टंकलेखन करावे, ही त्यामागची कल्पना चांगली होती. इंग्रजी पत्ता किंवा शोधशब्द टाकण्यापुरती ती पुरते. मराठीसाठी मात्र यूएसबी कीबोर्डच हवा. सॅमसंगने चामडी आवरण आणि त्यात बसणारा छोटा कीबोर्ड असा संच विक्रीस आणला होता, आणि हे आवरण मिटवल्यावर एखाद्या जाड रोजनिशीसारखे दिसते. इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कळमांडणीने, लिहिणाऱ्यांनी लहान कीबोर्ड घेताना शिफ्टची कळ तपासावी. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' यांच्यासाठी लागणारा ऱ शिफ्टसह उमटतो, आणि लहान कीबोर्डांत हीच कळ बहुधा आक्रसलेली किंवा सरकवलेली असते. 'सुऱ्या' आणि 'दऱ्या' लिहिताना दर वेळी अडखळणे नको असेल, तर थोडा मोठा कीबोर्ड वेगळ्या पिशवीत नेलेला बरा.

एक्सपीमध्ये देवनागरी सुरू करण्याची खटपटही सांगायला हवी. देवनागरीसारख्या संयुक्त लिप्यांच्या फाइली मूळ मांडणीत नसतील, तर त्या सीडीवरून घालाव्या लागतात, आणि या यंत्राला सीडी ड्राइव्ह नाही. बाहेरून जोडण्याचा यूएसबी ड्राइव्ह लागतो. त्यातले अनेक ड्राइव्ह पुरेशी वीज मिळावी म्हणून दोन यूएसबी जोडण्या घेतात. क्यू१वर जोडण्या दोनच आहेत, तेव्हा माउस किंवा कीबोर्ड लावायला जागा उरत नाही. सीडीतील संबंधित फाइली दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर घेऊन तिथून त्या घालणे हा सोपा मार्ग आहे. एकदा हे झाले की मंगल फॉन्ट सात इंची पडद्यावर ठळक आणि वाचनीय दिसतो. इंचाला १३३ बिंदू हे आजच्या मानाने फार विरळ आहेत, पण अनुस्वार आणि रफार वेगळे ओळखू येतात. त्याच वर्षीच्या सोनीच्या वायो यूएक्समध्ये साडेचार इंचांत १०२४ बाय ६०० बिंदू कोंबले होते. इंग्रजीला ते कसेबसे सोसले, पण देवनागरीच्या मात्रा तिथे मुंगीच्या पायासारख्या दिसतात. सरकणारा कीबोर्ड आणि अर्ध्या किलोच्या आसपासचे वजन असूनही मी ते यंत्र वाचनासाठी सुचवणार नाही.

क्यू१च्या ४८० बिंदूंच्या उंचीचा मात्र त्रास आहे. एक्सपीतल्या अनेक खिडक्या किमान ६०० बिंदू गृहीत धरून आखलेल्या आहेत, त्यामुळे खालचे 'ओके' बटण पडद्याबाहेर राहते. यंत्रावर पडद्याची मांडणी बदलण्याचे बटण दिले आहे. ते दाबले की चित्र आक्रसून जास्त उंची सामावते, अक्षरे थोडी पुसट होतात, काम उरकते आणि मग परत मूळ मांडणीवर यावे.

बॅटरीबाबत सांगायचे, तर मूळ तीन घटांच्या बॅटरीचा जाहीर काळ सुमारे साडेतीन तासांचा होता, आणि पडदा प्रखर ठेवल्यास तो अर्थातच घटतो. मोठी बॅटरी घेतली तर वेळ वाढतो, पण मागच्या बाजूला फुगवटा येतो, वजन एका हाताला जाणवू लागते आणि यंत्र मांडीवर सपाट बसत नाही. मला हा सौदा पटला नाही. आज मिळणाऱ्या मूळ बॅटऱ्या वयाने संपलेल्या असणार, हे गृहीत धरावे. मी एका विक्रेत्याकडून 'नवी' म्हणून घेतलेली पर्यायी बॅटरी दोन महिन्यांत फुगली आणि ती वेळीच काढली नसती तर पाठ तडकली असती. म्हणून विजेच्या जोडणीजवळ बसून काम करणे, किंवा गाडीतून भरणारा चार्जर सोबत ठेवणे, हे अधिक सुरक्षित.

पाठीवरची उघडणारी टेकणी आणि अंगातच बसणारे पेन या दोन गोष्टी मात्र जोडसामान म्हणून वेगळ्या विकत घ्याव्या लागत नाहीत, आणि दोन्ही उत्तम आहेत. टेकणी उघडून यंत्र पाटावर ठेवले, शेजारी रुमाल उलगडला, की पडद्याचा उजेड कागदावरही पडतो. पेन बारीक आहे; जाड बोटांच्या माणसाने बोथट टोकाचे वेगळे पेन घ्यावे, टोक कठीण असेल तर वरच्या थरावर ओरखडे उठतात. पडद्यावर पातळ संरक्षक पापुद्रा लावणे अत्यावश्यक समजावे, कारण ओरखडलेल्या जागी रेघ तुटू लागते.

त्याच वेळी आलेल्या आसूसच्या आर२एचमध्ये जीपीएस आणि बोटाचा ठसा ओळखण्याची सोय होती. गावोगाव फिरणाऱ्याला जीपीएसचा मोह पडावा, पण ते ८३० ग्रॅमचे आहे आणि पडदा व प्रोसेसर यांत फरक नाही. २००७ च्या क्यू१ अल्ट्रामध्ये १०२४ बाय ६०० चा पडदा, कमी वजन आणि दोन्ही कडांना वाटलेला कळांचा कीबोर्ड आला. आज निवड करायची वेळ आली तर मी तेच शोधेन. अंगठ्यांखालच्या त्या कळांनी इनस्क्रिप्ट लिहिणे अवघड असले, तरी निदान खिडक्यांची खालची बटणे दिसतात. त्याच वर्षाच्या अखेरीस आसूसचा ई पीसी ३९९ डॉलरांत आला. त्याचाही पडदा सात इंची, ८०० बाय ४८० चाच होता, पण कीबोर्ड अंगचा होता आणि पेन नव्हते. बहुतेकांना टंकलेखनच हवे होते, त्यामुळे बाजार तिकडे गेला.

जुने यंत्र विकत घेणार असाल तर हार्ड डिस्कची स्थिती आधी पाहा. १.८ इंची आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, डिस्क आता दुर्मीळ आहे, आणि तिच्या जागी कार्ड बसवायचे तर जोडणीचा प्रकार यंत्र उघडून पाहिल्याशिवाय सामान मागवू नये. एक्सपीला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, म्हणून हे यंत्र इंटरनेटला जोडू नये. मी माझे पेनड्राइव्ह आणि कार्ड यांच्यापलीकडे कशालाच जोडत नाही. आणि ज्यांच्याकडे तेव्हाच्या जर्नलच्या टिपणवह्या आहेत त्यांनी यंत्र चालू होते आहे तोवर एक काम करावे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोज १० मधून जर्नल काढून टाकले आणि त्या फाइली साध्या संगणकावर उघडत नाहीत. प्रत्येक वही टिफ चित्रांच्या रूपात काढून घ्या. पेनाच्या रेघा वेगळ्या करण्याची सोय त्यात जाते, पण वाचन आणि शंका दोन्ही शाबूत राहतात. माझ्या अकरा वह्यांना दोन दुपारी लागल्या.