आठ महिने, १,४९९ रुपये आणि एक बटण

बटण हलवा. बाकीचं कोणी वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं त्या इंग्रजी शब्दकोड्यांच्या अ‍ॅपवाल्यांच्या कानावर घाला. ‘चेक’ (भरलेलं अक्षर बरोबर का ते सांगणारं) आणि ‘रिव्हील’ (उत्तरच उघडं करणारं) ही दोन बटणं एका अंगठ्याखाली येतील इतकी चिकटून ज्याने ठेवली, त्याने आयुष्यात एकही क्रिप्टिक कोडं पुरं केलेलं नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. तो आता पाचशेचा झाला असला तरी.

अ‍ॅपची माहिती देत बसत नाही, ती सगळीकडे आहे. रोज एक १५ बाय १५चं ब्रिटिश वळणाचं कोडं, जुन्या कोड्यांचा साठा, वर्षाची वर्गणी १,४९९. पेपरमधलं कोडं मी तीस वर्षं सोडवतोय. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, उलट महिनाअखेर रद्दीचे चार पैसे सुटतात. या अ‍ॅपची रद्दीही होत नाही. तरी घेतलं, कारण पेपर दुसऱ्या दिवशी नुसतं उत्तर छापतो. ते उत्तर का, हे सांगत नाही. क्रिप्टिक क्लूच्या एका टोकाला उत्तराची व्याख्या असते आणि बाकीच्या शब्दांत ते उत्तर घडवायची खूण दडलेली असते. इथे प्रत्येक क्लूची फोड मिळते असं लिहिलं होतं.

पहिल्या महिन्यात ती फोड बघून डोकं फिरलं. ‘उलट, व्याख्या शेवटी.’ झाली फोड! डॉक्टरच्या चिठ्ठीवरही याहून जास्त मजकूर असतो. तेव्हाच दोन तारे कापायचं ठरवलं होतं.

मग नोव्हेंबरातला तो बुधवार. एकाही उत्तरावरचं झाकण न उघडता सलग ४३ कोडी सोडवून झाली होती. ४४व्याचा डावा वरचा कोपरा तेवढा राहिलेला. १ आडवा: ‘स्नेअर रिटर्न्ड रोल’, चार अक्षरं. हे मी चहाचा कप खाली ठेवायच्या आत भरलं होतं. स्नेअर म्हणजे ट्रॅप. तो परत फिरवला, म्हणजे टी-आर-ए-पी मागून वाचलं, की पी-ए-आर-टी. पार्ट म्हणजे रोल. चोख बसलं.

१ उभा: ‘पुअर इंग्लिश अँड मॅथ्स, लंडन फ्लॉवर’, सहा अक्षरं. पहिलं अक्षर अर्थातच पी, कारण ‘पार्ट’ आधीच बसलेला. लंडनात उगवणारी, पी पासून सुरू होणारी सहा अक्षरी फुलं मी तीन दिवस शोधली. पिटुनियाला एक अक्षर जास्त, पॉपीला एक कमी, पॅन्सीलाही एक कमी. बायको म्हणाली, त्यापेक्षा नर्सरीत नोकरी धरा.

चौथ्या दिवशी ठरवलं, एवढं पहिलं अक्षर तपासून घेऊ. ‘चेक’ने स्ट्रीक, म्हणजे उत्तर न उघडता सोडवलेल्या कोड्यांची सलग मोजणी, मोडत नाही. अंगठा टेकला तो ‘रिव्हील’वर, आणि अख्खं कोडं आपोआप भरून समोर आलं. ‘खात्री आहे का?’ असं विचारायची पद्धत नाही. वीस रुपयांची कोथिंबीर घेताना फोन पिन मागतो, इथे तीन दिवसांची मेहनत न विचारता गेली.

उत्तर होतं टेम्स. फ्लॉवर म्हणजे फूल नव्हे, जी फ्लो होते ती! म्हणजे नदी. ही खोडी मला माहीत होती, शंभरदा फसून झालं होतं, तरी फुलंच शोधत बसलो. आणि वाट तर समोर पडली होती. इंग्लिशचा ई, त्यात मॅथ्सची पाच अक्षरं. ‘पुअर’ म्हणजे अवस्था वाईट, सगळी अक्षरं विस्कटा. ई-एम-ए-टी-एच-एस हलवून बसवलं की टी-एच-ए-एम-ई-एस. त्यात पी नाहीच. मग १ आडवाही पार्ट नव्हे. ‘रिटर्न्ड’ डावीकडच्या स्नेअरला लावायचं नव्हतं, उजवीकडच्या रोलला लावायचं होतं. रोल म्हणजे पार्ट, तो फिरवला की ट्रॅप, आणि ट्रॅप म्हणजे स्नेअर.

मी त्याच रात्री ग्राहकसेवेला लांब ईमेल लिहिला. म्हटलं, उलटवणारा शब्द बरोबर मधोमध ठेवलात तर तो कोणाला उलटवतोय हे सोडवणाऱ्याने कसं ओळखायचं? ‘आफ्रिट’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९मध्येच सांगून ठेवलंय की रचणाऱ्याच्या मनात वरवर दिसणारा अर्थ नसला तरी चालेल, पण त्याला जे म्हणायचंय ते शब्दांतून नेमकं निघालंच पाहिजे. तुमच्या शब्दांतून तर दोन-दोन गोष्टी निघतायत. आणि माझी ४३ची स्ट्रीक परत द्या.

दोन दिवसांनी उत्तर आलं: प्रिय ग्राहक, अ‍ॅप काढून पुन्हा इन्स्टॉल करा. मी भाबडेपणाने केलं. स्ट्रीक आली नाहीच, अर्धवट सोडवून ठेवलेली सात जुनी कोडीही गेली. दुसऱ्या ईमेलला उत्तर: तांत्रिक कारणांमुळे शक्य नाही. तिसऱ्याला उत्तरच नाही. मी एक तारा दिला आणि तोही शून्य देता येत नाही म्हणून.

आता हे आठ महिन्यांनी लिहितोय, तर काही मतं बदलली आहेत, ती प्रामाणिकपणे सांगतो.

तो क्लू मी माफ केला. दोन उत्तरं निघतात हे खरंच आहे, पण कोडं एका क्लूचं नसतं. आडव्याचा वाद उभा शब्द मिटवतो, आणि टेम्समध्ये वाद घालायला जागाच नव्हती. मी पहिलं सुचलं ते शाईने लिहिल्यासारखं लिहून टाकलं. आमचे वडील पेपरमधलं कोडं पेन्सिलने सोडवायचे आणि आम्ही हसायचो. गंमत म्हणजे या अ‍ॅपमध्येही पेन्सिलची सोय आहे, फिक्या रंगात अक्षर येतं. मला ती पाचव्या महिन्यात सापडली. क्लू माफ, पेन्सिलबद्दल आभार. बटण माफ नाही.

फोडीबद्दलही तसंच. दोन शब्दांची ती चिठ्ठी आता पुरते, नव्हे, तीच बरी वाटते. ‘ऑन फिनिश, ग्रेट प्लेअर’, सहा अक्षरं. फोडीत एवढंच: ‘क्रिकेट, जोड.’ आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. ऑन म्हणजे लेग. फिनिश म्हणजे एन्ड. लेग-एन्ड, लेजंड! लेगचा ‘ग’ बघता बघता ‘ज’ होतो आणि गॅलरीत बसल्या बसल्या आपण मोठ्याने ‘आयला’ म्हणतो. डक म्हणजे ओ, मेडन म्हणजे एम, बोल्ड म्हणजे बी, हे इंग्लंडबाहेर शिकवावं न लागणारे लोक जगात फार नाहीत, त्यात आपण आहोत. सेलरचा टार किंवा एबी, चर्चचा सीई, हे मात्र वही घालून पाठ करावं लागलं.

रचणाऱ्यांना आपला छळ होणार हे माहीत असतं, नव्हे, त्यांचा तो धंदाच आहे. १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’ या ब्रिटिश पेपरात कोडी रचणाऱ्या पॉइस मॅदर्सने टॉर्केमाडा हे नाव घेतलं, ते स्पेनच्या धर्मन्यायालयाच्या कुप्रसिद्ध प्रमुखाचं. त्याच्यानंतर आलेल्या मॅकनटने दुसऱ्या अशाच अधिकाऱ्याचं, झिमेनीस. १९७२मध्ये त्यांच्या जागी आलेला तिसरा अ‍ॅझेड. हे काय नाव म्हणाल, तर डेझा नावाचा आणखी एक असाच अधिकारी होता, त्याची अक्षरं उलटी वाचा. रिटर्न्ड!

टायमर मात्र बंद करता येत नाही. १९४२च्या जानेवारीत ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडं सोडवायचं आव्हान दिलं होतं आणि त्यात उतरलेल्या काहींना पुढे ब्लेचली पार्कच्या, म्हणजे शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटिश केंद्राच्या, गुप्त कामासाठी विचारणा झाली, म्हणे देशाला त्यांच्या मिनिटांची गरज होती. माझ्या मिनिटांची कोणाला गरज आहे? टेम्सवर माझे ७१ तास आणि काही मिनिटं झाली, हे लाल अक्षरात दाखवून काय मिळवलं?

परवा नूतनीकरणाची सूचना आली. या वर्षी १,७९९. तीनशे रुपये कशाचे वाढवले? बटण तर हललेलं नाही. रद्द करणारच होतो, पण नाशिकच्या ताईला फोन केला. तिला मी रोज रात्री एकेक क्लू सांगतो आणि ती पोळ्या करता करता ऐकते. ती म्हणाली, ‘अरे, निम्मे मी देते, मला तुझा पासवर्ड दे.’ म्हणजे माणशी ९०० रुपये, खरं तर ८९९.५०. एका खात्यावर दोघं हे नियमात बसतं का, ते मी वाचलेलं नाही आणि वाचणारही नाही.

ताईला म्हटलं, आधी परीक्षा. माझा स्वतःचा क्लू: ‘अ‍ॅलम डिझॉल्व्ह्ड इन पुणे फ्लॉवर’, चार अक्षरं. रचायला एक अख्खी दुपार गेली होती. ती म्हणाली, ‘मुळा. तुरटी विरघळवून पाणी कसं निवळतं ते मला सांगतोस होय? ए-एल-यू-एम हलवलं की एम-यू-एल-ए. आणि फ्लॉवर म्हणजे नदी हे तूच महिनाभर रडून सांगितलंस.’ मग म्हणाली, इंग्रजीत काय, एकेक अक्षर सुटं, कसंही हलवा. आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटून बसतात, त्या सांभाळून हलवून दाखव. आणि तिने लागोपाठ दोन टाकले. पहिला: ‘नदी उलटी वाहिली की गरीब’, दोन अक्षरं. हा सोपा, दीन. दुसरा: ‘वात उलटली आणि पोळी भाजली’, पुन्हा दोनच अक्षरं. मागून तिच्या स्वयंपाकघरातला आवाज येत होता, तरी मला चार मिनिटं लागली. त्याची फोड मी देणार नाही.

तारे: तीन. बटण हलवलंत तर चार.