बावटा वेळेवर, गाळाचा परवाना पावसाच्या तोंडावर: एका बंदर कार्यालयाच्या सेवेचा हिशेब

दक्षिण रत्नागिरीतल्या एका मध्यम खाडीवरचं हे बंदर कार्यालय. नाव घालत नाही, कारण खालची निम्मी गाऱ्हाणी शेजारच्या खाड्यांनाही जशीच्या तशी लागू पडतील. एक निरीक्षक, एक कारकून, एक शिपाई, कौलारू इमारत आणि पुढे बावट्याची काठी. एवढ्या बळावर जेट्टी, फेरीबोटीचा धक्का, खाडीतली वाट आणि किनाऱ्यावरचे कार्यक्रम सांभाळले जातात. पाचपैकी गुण द्यायचे तर रोजच्या कामाला चार, कार्यक्रमांच्या परवानगीला तीन, गाळाच्या फायलीला दीड.

आधी खिडकी कुठली ते पाहून घ्या, निम्म्या खेपा तिथेच वाया जातात. १९९६ च्या कायद्याने महाराष्ट्र सागरी मंडळ आलं आणि राज्यातली ४८ लहान बंदरं त्याच्याकडे गेली. गावात अजून 'बंदर खातं'च म्हणतात. जेट्टी, खाडीतली वाट, प्रवासी बोटी आणि जलक्रीडा एवढंच या खात्याचं. मासेमारी नौकेचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे, वाळू महसूल खात्याकडे, चिपी-तिवरांना, म्हणजे कांदळवनाच्या झाडांना, हात लागणार असेल तर कांदळवन कक्षाकडे. आणि भरती पोचत नाही तिथला नदीचा गाळ जलसंपदा खात्याचा. २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीतला गाळ काढायचं काम त्यांनीच घेतलं होतं. हे सगळं छापलेला एक कागद कार्यालयाच्या दारावर लावला असता तर कारकुनाचं निम्मं बोलणं वाचलं असतं. लावलेला नाही.

रोजचं काम मात्र चोख. हवामान खात्याचा इशारा आला की तीन नंबरचा धोक्याचा बावटा काठीवर चढतो आणि जेट्टीवरच्या फळ्यावर खडूने वेळ पडते. फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा छापील तक्त्यावरून रोज सकाळी लिहितात, उंचीसकट. आपल्याकडे तिथीला पाऊणने गुणायचा जुना हिशेब आहे: अष्टमीला सहाला भरती, पौर्णिमेला सव्वाअकराला. रत्नागिरीच्या पट्ट्यात तो आजही अर्ध्यापाऊण तासाच्या आत बसतो. पण त्यातून वेळ कळते, पाणी किती चढणार ते कळत नाही. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, इथे दोन मीटरच्या वर पाणी हलतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला, साधारण त्याच्या निम्मं. मुखावरचा वाळूचा दांडा ओलांडायचा की नाही हे त्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं, आणि तो आकडा फळ्यावर असतो.

धक्क्याच्या टोकाला पाण्याची पातळी मोजायची पट्टी आहे. तिच्यावर दीड मीटरच्या खुणेपर्यंत कालवं बसलीत, त्याखालचे आकडे दिसत नाहीत. म्हणजे ओहोटीला, जेव्हा पट्टी खरी हवी असते, तेव्हाच ती मुकी. एक कोयता आणि अर्धा तास एवढंच हे काम.

आता गाळाकडे. मुखाशी वाळू का चढते हे खाडीवाल्यांना सांगायची गरज नाही, पण अर्जात ते लिहावं लागतं म्हणून थोडक्यात: पावसाळ्यात नदी डोंगरातून गाळ आणते, त्याच वेळी नैर्ऋत्येच्या लाटा समुद्राकडची वाळू मुखात ढकलतात. पाऊस सरला की नदीचा जोर जातो, आमच्या नद्या जानेवारीनंतर वरून नावालाच वाहतात, आणि भरती-ओहोटीचं पाणी एकटं ती वाळू बाहेर काढू शकत नाही. दांडा एका बाजूने वाढत जातो, वाट दुसऱ्या काठाला सरकते. वर्षाआड नकाशा जुना होतो तो यामुळे.

प्रस्ताव मच्छीमार सोसायटी किंवा ग्रामपंचायत देते. त्यात लागतं ते असं: ठराव, वाटेच्या दोन्ही कडांचे अक्षांश-रेखांश, खोलीचं सर्वेक्षण, गाळाच्या नमुन्याचा अहवाल, एकूण घनमीटर, काढायची पद्धत, गाळ टाकायची जागा आणि त्या जागेच्या मालकाची संमती. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) अधिसूचनेत जलमार्ग आणि बंदरं साफ ठेवण्याला व वाळूचे दांडे रोखण्याच्या उपायांना वाट ठेवलेली आहे, तेव्हा 'खाडीत काही करताच येत नाही' हे खरं नाही. पण शब्द जपून वापरा. आधी मंजूर असलेली खोली राखायची ती देखभाल, वाट नव्याने खोल किंवा रुंद करायची ती वेगळी गोष्ट. बंदराच्या मूळ पर्यावरण मंजुरीत देखभालीचा गाळ धरलेला असेल तर त्याला पुन्हा पर्यावरण मंजुरी लागत नाही. नवीन खोलीकरणाला तोच न्याय नाही. अर्जात 'खोलीकरण' हा एक शब्द पडला की फाईल दुसऱ्या वाटेला लागते. कारकून हे अर्ज घेताना सांगत नाही, तीन महिन्यांनी त्रुटीच्या पत्रात सांगतो.

प्रस्ताव परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण खोली. तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, वावात (साधारण सहा फुटांचं माप) सांगतो, सर्वेक्षणवाला त्या दिवशीच्या पाण्यापासून मीटरमध्ये मोजतो, आणि नकाशावर खोली हवी असते ती तक्त्याच्या शून्यापासून, म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. उधाणाच्या भरतीला मोजलेली तीन मीटर खोली शून्यापासून मीटरभरही भरत नाही. मोजणी चालू असताना दर दहा मिनिटांनी पट्टीवरची पातळी लिहून ती वजा करायची असते. आणि पट्टीवर कालवं. म्हणून सर्वेक्षणवाल्याला स्वतःची पट्टी रोवायला सांगा आणि ती कुठल्या पक्क्या खुणेशी जोडली ते नकाशावर लिहून घ्या.

घनमीटरचा हिशेब एकदा करूनच बघू. वाट ४०० मीटर लांब, तळाशी २० मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर कापायचंय. सरळ गुणाकार ९,६०० घनमीटर. बहुतेक अर्ज इथेच थांबतात. पण गाळाची भिंत उभी राहत नाही. मऊ गाळात एकास पाच उतार धरला तर दोन्ही बाजूंचे मिळून मीटरमागे ७.२ घनमीटर वाढतात, म्हणजे आणखी २,८८०. एकूण १२,४८०. उतार न धरता परवाना घेतला की पोकलेन तळ कापतो, कडा ढासळून तळ भरतो, मंजूर आकडा संपतो आणि वाट आहे तिथेच राहते. हाच आकडा खनिकर्म शाखेत ब्रासमध्ये जातो, एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा साधारण ४,४०० ब्रास. एवढी 'वाळू' ऐकली की टेबलावरचा माणूस सावध होतो, आणि त्याचं चुकत नाही. गाळाच्या नावाने वाळू उपसायचे प्रकार सगळ्यांना ठाऊक आहेत. उपाय एकच: नमुने वाटेच्या किमान पाच-सहा जागांवरून, वरच्या थरातले आणि खालच्या थरातले वेगळे, आणि अहवालात वाळू किती टक्के, चिखल किती टक्के ते स्पष्ट. चिखलाचा भाग आणि वाळूचा भाग नकाशावरच वेगळे दाखवले, तर स्वामित्वधन (रॉयल्टी) वाळूपुरतं बोलता येतं.

आता या सेवेचं खरं दुखणं. परवान्यावर तारखा असतात, भरती नसते.

काम कसं चालतं ते पाहा. तराफ्यावर लांब हाताचा पोकलेन, शेजारी गाळ वाहून न्यायचा ८० घनमीटरचा बार्ज. पोकलेन दिवसाला दोनशे घनमीटर सहज काढतो, त्याची चिंता नाही. अडतं ते बार्जमुळे. भरलेला बार्ज दांड्यावरून फक्त भरतीच्या आगेमागे दोन-दोन तास निघतो, म्हणजे दिवसाला दोन खेपा, त्यातली एक रात्री. शिवाय उपसलेला गाळ फुगतो. जागेवरचे दहा घनमीटर बार्जमध्ये बारा-तेरा होतात. तेव्हा १२,४८० चे साडेपंधरा हजार धरा, दिवसाला १६० ने भागा: ९७ दिवस. हे सुद्धा भांगाचे दिवस न वगळता, जेव्हा भरलेला बार्ज दांड्यावर टेकतोच. कामाचा हंगाम समुद्र निवल्यावर ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. या कार्यालयातून परवाना हातात पडतो तो मार्चमध्ये, ३१ मेपर्यंतच्या मुदतीचा. हिशेब कुणीही करावा. रात्री काम करायची मुभा नाही अशी अट वर असेल तर खेप एकच.

मग ठेकेदार काय करतो? गाळ समुद्रात न नेता काठावरच टाकतो. पहिल्या चार सरींत तो जिथून काढला तिथे परत. काठावर टाकणं मुळात वाईट नाही, पण त्याला बांध घालून कोंडी करावी लागते, पाणी निथळायला सांडवा ठेवावा लागतो, आणि जागा कांदळवनापासून लांब हवी. हजार चौरस मीटरच्या वरचं कांदळवन असेल तर त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. तिवरं मोडायची वेळ येत असेल तर २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे तालुक्याच्या पातळीवर निभावणारं प्रकरणच राहत नाही. वाट वळवा, ते स्वस्त पडेल.

अजून एक. कार्यालयाच्या नमुना अर्जात तिसऱ्यांच्या (खाडीतल्या शिंपल्यांच्या) जागांना रकाना नाही. ओहोटीला बायका जिथे तिसऱ्या आणि मुळे हे शिंपले काढतात ते पट्टे नकाशात आले नाहीत, तर गढूळ पाणी नेमकं त्यांच्यावर बसतं आणि मग काम मध्यावर अडवलं जातं, ते योग्यच. अर्जाला वेगळा कागद जोडा. निरीक्षक तो घेतात, नाही म्हणत नाहीत.

बिल खेपांवर कधी ठरवू नका. कामाआधीचं आणि कामानंतरचं सर्वेक्षण, त्याच माणसाने, त्याच पट्टीवर, आणि दोन्हीतल्या फरकाचे पैसे. बार्जच्या खेपा मोजल्या तर पाण्याचेही पैसे जातात. या बाबतीत कार्यालयाची अट कडक आहे आणि ती चांगली आहे. दुसरं सर्वेक्षण झाल्याशिवाय दाखला मिळत नाही.

उपाय कार्यालयाला न विचारता करता येईल असा: ठराव, जागेची संमती आणि नमुन्याचे अहवाल मेमध्येच तयार ठेवायचे, कारण ते पावसात बदलत नाहीत. खोलीचं सर्वेक्षण तेवढं ऑक्टोबरच्या पहिल्या उधाणात करून फाईल पुरी करायची. मेमध्ये केलेली खोली पावसाळ्यानंतर कुणी मानत नाही आणि मानूही नये. मुदत मागताना दिवस न लिहिता खेपा आणि भरतीचे तास लिहा, सोबत तक्ता जोडा. त्या हिशेबावर दोन हंगामांची मुदत मागता येते.

कार्यक्रमांची परवानगी त्या मानाने सुटसुटीत. अर्ज महिनाभर आधी, सोबत पोलीस आणि ग्रामपंचायतीचं पत्र, अनामत रक्कम, जेट्टीच्या कुठल्या भागात मांडव ते दाखवणारी आकृती. बोटी बांधायचे खुंटे आणि शिड्या मोकळ्या ठेवायच्या, जनरेटर धक्क्याच्या कडेला नाही, ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. साफसफाई झाली की अनामत आठवड्यात परत मिळते.

पण इथेही तारखेचाच खेळ. नारळी पौर्णिमेला परवानगी येते दुपारी चार ते सात. पौर्णिमेला भरती अकराच्या सुमाराला, म्हणजे साडेपाचला खाडी तळाला लागलेली. होड्यांच्या शर्यतीला पाणी नाही, तरंगत्या धक्क्याची फळी जिन्यासारखी उभी, आणि नारळ सोडायला आलेली म्हातारी माणसं धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर. शर्यत सकाळी दहा ते बारात उरकून घ्यावी, नारळ संध्याकाळी द्यायचाच असेल तर समुद्राकडच्या बाजूने, जिथे ओहोटीलाही पाणी असतं. नारळ लढवायचा खेळ, भजन, सत्कार हे जमिनीवरचं संध्याकाळी खुशाल. अर्जात दोन वेगळ्या वेळा मागितल्या तर दोन्ही मिळतात. कोणी मागत नाही म्हणून छापील वेळ पडते.

लोकांना बोटीतून फिरवण्याचा बेत मात्र आखू नका. पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटी आणि जलक्रीडा पावसाळ्यात ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात आणि नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी त्याच्या आत येते. २०२६ मध्ये ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येते. मासेमारी १ ऑगस्टला सुरू झालेली असते म्हणून सजवलेल्या होड्या खाडीत दिसतात, पण त्यांच्यावर खलाशी चालतात, पाहुणे नाहीत. निरीक्षक त्या दिवशी स्वतः धक्क्यावर उभे असतात आणि माणसं उतरवतात.

कार्यालयात जायचं तर सोमवारी नको, त्या दिवशी तालुक्याला बैठक असते. पलीकडच्या गावातून होडीने येत असाल तर फळ्यावरचा आकडा आधी विचारून घ्या. पाणी अर्ध्या मीटरच्या खाली असेल तेव्हा जेट्टीच्या शिडीचे खालचे तीन गज गाळात असतात, आणि चौथा तुटलेला आहे.