स्मार्ट बल्ब, आठ महिन्यांनंतर: दिवा बंद, मीटर चालूच

मंगळवारी रात्री पावणेतीनला, गेलेली लाईट आली आणि घरातले मोबाईलवरून चालणारे चौदाच्या चौदा स्मार्ट बल्ब एकदम पेटले. डोळे दिपवणारा पांढरा उजेड. आई दचकून उठली, तिला वाटलं घरात कुणी शिरलं. असं पाचव्यांदा झालं.

एक सुख आधी मान्य करतो. रात्री पलंगावरूनच 'सगळे बंद' दाबलं की जिन्यातला, पडवीतला दिवा बघायला उठावं लागत नाही. आईच्या गुडघ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पण भिंतीवरचं बटण! आईने सवयीने ते दाबलं की बल्बची वीजच तुटते, मग मोबाईलवर तो ऑफलाइन. शेवटी बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या. तिच्याच घरात तिला 'बटणाला हात लावू नकोस' म्हणताना मला फार वाईट वाटलं.

कंपनीच्या हेल्पलाइनला चारदा फोन केला. चारही वेळा एकच उत्तर, 'रीसेट करा'. हे लिहिताना अ‍ॅप पुन्हा चाळलं तर लाईट परत आल्यावर बल्बने काय करायचं याची सेटिंग सापडली, प्रत्येक बल्बला वेगळी. 'आधी होता तसा' निवडलं, मेन स्विच पाडून परत चालू केला, बल्ब बंदच राहिले. म्हणजे मध्यरात्रीच्या उजेडाचा दोष मी बल्बला देणार नाही. एवढी साधी गोष्ट चार फोनमध्ये न सांगणाऱ्यांचा राग मात्र जात नाही.

वीजबचतीबद्दलचं मत तर पूर्ण बदललं. पाच बल्ब एका एक्स्टेन्शनवर लावून, अ‍ॅपवरून बंद करून वॅटमीटरने मोजले: अडीच वॅट. म्हणजे बंद असतानाही प्रत्येकी अर्धा वॅट, वायफायशी जोडून राहायला. चौदा बल्बांचे महिन्याला जवळपास ५ युनिट. बाथरूमचा ९ वॅटचा दिवा आमच्याकडे दिवसाला पंधरा मिनिटं लागतो, महिन्याला ०.०७ युनिट. तोच स्मार्ट केल्यावर नुसता वाट बघत ०.३६ खातो! आमचं बिल शंभर युनिटांच्या काठावर असतं, आणि शंभरपुढच्या प्रत्येक युनिटाला वरच्या टप्प्याचा दर लागतो. खरी बचत ६० वॅटचा पिवळा बल्ब जाऊन ९ वॅटचा एलईडी आला तेव्हाच झाली होती. २०१५ साली सरकारची स्वस्त एलईडी बल्बांची उजाला योजना सुरू झाली, त्यानंतर घेतलेले ते साधे बल्ब माळ्यावर अजून चालू स्थितीत आहेत.

घेणाऱ्यांनी बल्ब घेऊ नयेत, बोर्डाच्या मागे बसणारं मॉड्यूल घ्यावं, म्हणजे साधा दिवाही मोबाईलवरून चालवणारी छोटी डबी. भिंतीवरचं बटणही चालतं, मोबाईलही चालतो, आणि चार दिव्यांना एकच मॉड्यूल पुरतं. आधी वायरमनकडून बोर्डात न्यूट्रल (मॉड्यूलला सहसा लागणारी विजेची परतीची तार) आहे का ते बघून घ्या. प्लग असलेल्या बोर्डात तो असतोच, जिन्याच्या नुसत्या बटणाच्या डबीत बहुधा नसतो.

हॉल आणि जिन्याच्या कामाला वायरमन रविवारी येणार आहे. बाथरूममध्ये आणि आईच्या खोलीत माळ्यावरचे साधे बल्ब आजच लावले, आणि तिच्या बटणावरची चिकटपट्टी काढून टाकली.